अंदमानात सॅटेलाइट रेडिओ मिळेल का?

प्रश्न असा आहे: साताऱ्याच्या एका बँक अधिकाऱ्याची पोर्ट ब्लेअरला बदली झाली आहे, पुढे काही महिने कार निकोबारच्या शाखेतही काढावे लागतील. वडिलांनी जपून ठेवलेला वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओचा संच घरात आहे, तो तिकडे चालेल का? नसेल तर अमेरिकेतल्या मावसभावाकडून सिरियस एक्सएम या तिकडच्या उपग्रह रेडिओसेवेचा संच मागवावा का? आणि दोन्ही जमत नसेल तर मराठी कार्यक्रम, बातम्या आणि वादळाच्या सूचना ऐकायला सोबत काय न्यावं?

थेट उत्तर आधी देतो. वर्ल्डस्पेस चालणार नाही आणि सिरियस एक्सएमही नाही. खिशात किंवा गाडीत ठेवून थेट उपग्रहावरून ऐकायचा रेडिओ आज भारतात कुठेच नाही, त्यामुळे तो अंदमानात नाही यात अंदमानचा काही दोष नाही. पण उपग्रहावरून आलेला आवाज तुम्ही तिथे ऐकणारच आहात, फक्त तो दुसऱ्या वाटेने कानावर येईल. माझी नोकरी डिश, फीड आणि ट्रान्समीटर यांच्यातच गेली, म्हणून ही वाट नीट सांगतो. ती कळली की काय विकत घ्यायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी वडिलांचा संच. नोआ समारा या मूळच्या इथिओपियाच्या माणसाने १९९० मध्ये वर्ल्डस्पेस काढली. आफ्रिका आणि आशियातल्या ज्या लोकांपर्यंत चांगला रेडिओ पोचत नाही त्यांच्यापर्यंत तो उपग्रहावरून पोचवायचा, ही मूळ कल्पना. ऑक्टोबर १९९८ मध्ये आफ्रीस्टार आणि मार्च २००० मध्ये एशियास्टार असे दोन उपग्रह गेले. एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर होता आणि १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या एल बँडवर बोलायचा. म्हणून मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये आग्नेयेची खिडकी कुणाची यावरून घरात वाद व्हायचे. गंधर्ववर शास्त्रीय संगीत, श्रुतीवर कर्नाटक संगीत, फरिश्तावर जुनी हिंदी गाणी, मराठीसाठी सुरभी. ज्यांनी ते ऐकलं ते अजून हळहळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. तेव्हा तो संच बिघडलेला नाही, त्याच्यासाठी वर कुणी बोलत नाही एवढंच.

तरीही तो अडगळीत टाकण्याआधी पुढचं बटण बघा. सुरुवातीच्या काही संचांत उपग्रहाबरोबर एफएम, मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हही होतं. तुमचा त्यातला निघाला तर जरूर न्या, पुढे सांगतो त्या कामाला तो येईल. नुसताच उपग्रहाचा असेल आणि मागे ऑक्स इनचं, म्हणजे बाहेरचा आवाज आत द्यायचं, भोक असेल तर तो फक्त स्पीकर उरला.

सिरियस एक्सएमचं तर भूगोलानेच जमत नाही. ती सेवा २.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, मुख्यतः अमेरिकेच्या सलग भूभागासाठी आणि कॅनडासाठी चालते. एक्सएमच्या उपग्रहांची मूळची जागा ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशावर. पोर्ट ब्लेअर ९२.७ अंश पूर्वेला आहे, म्हणजे त्याच्या नेमकं पाठीमागचं रेखावृत्त ८७.३ अंश पश्चिम. ८५ अंशांवरचा उपग्रह तुमच्या जवळजवळ पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असेल. कितीही मोठा अँटेना लावून उपयोग नाही. एवढं कशाला, खुद्द अमेरिकेच्या हवाई बेटांवरही ती उपग्रहावरून मिळत नाही, तिथले वर्गणीदार इंटरनेटवरच ऐकतात. बेटावर राहणाऱ्याला सॅटेलाइट रेडिओ का मिळत नाही, याचं उत्तर या हवाईच्या उदाहरणातच आहे.

तो धंदा मुळात मोटारींचा आहे. कारखान्यातून गाडी बाहेर पडतानाच रेडिओ बसवलेला, पहिले काही महिने फुकट, मग वर्गणी. हजार मैल सरळ रस्त्यावर गाडी हाकणारा माणूस हा त्यांचा गिऱ्हाईक. शहरात उंच इमारतींच्या आड उपग्रह लपतो म्हणून जमिनीवर पूरक ट्रान्समीटर, म्हणजे रिपीटर, उभारावे लागतात. अमेरिकेत ते उभारले गेले. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००५ मध्ये सॅटेलाइट रेडिओबद्दल शिफारसी केल्या, पण वर्ल्डस्पेसचे रिपीटर भारतीय रस्त्यांवर कधी उभे राहिले नाहीत. गाडीत चालेना, म्हणून तो रेडिओ दिवाणखान्यात अडकला, आणि दिवाणखान्यात टीव्ही आधीच बसलेला होता. माझ्या मते वर्ल्डस्पेसच्या शेवटाचं खरं कारण हेच. कार्यक्रम वाईट नव्हते. गंमत अशी की बेटांवर रिपीटरची गरजच नसते. उंच इमारती नाहीत, उपग्रह आकाशात उंच, आणि एल बँडला पावसाचा त्रास जवळजवळ नाही. तंत्राच्या दृष्टीने अंदमानसारखी जागा सॅटेलाइट रेडिओसाठी अव्वल. पण तिथल्या थोड्या वर्गणीदारांसाठी कोण उपग्रह चालवणार?

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उपग्रह डोक्यावर असणं आणि त्याचा झोत अंगावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. डीडी फ्री डिश ज्या जागेवरून येते ती ९३.५ अंश पूर्व. पोर्ट ब्लेअरचा रेखांश ९२.७, म्हणजे भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहरापेक्षा पोर्ट ब्लेअर त्या उपग्रहाच्या अधिक सरळ खाली आहे. साताऱ्याहून तो क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर दिसतो, पोर्ट ब्लेअरहून ७६ अंशांवर. इतकं असूनही डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली तेव्हा तिचा केयू बँडचा, म्हणजे छोट्या डिशला चालणाऱ्या आखूड लहरींच्या पट्ट्याचा, झोत मुख्य भूमीसाठी आखलेला होता आणि अंदमान त्याच्या बाहेर राहिलं. उपग्रहाचा अँटेना विशिष्ट आकाराचा झोत पाडतो. वीज मोजकी असते, ती जिथे माणसं जास्त तिथे वळवली जाते. म्हणून दूरदर्शनला २००९ मध्ये अंदमान-निकोबारसाठी सी बँडवर, म्हणजे अधिक लांब लहरींच्या पट्ट्यावर, वेगळी मोफत सेवा द्यावी लागली. सी बँडचा झोत रुंद असतो, तो बेटांना कवेत घेतो. बदल्यात डिश मोठी लागते, दोन-अडीच फुटांच्या ऐवजी सहा-आठ फुटांची.

याच जागेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावर गगन या विमानवाहतुकीच्या दिशादर्शन सेवेचंही यंत्र आहे आणि त्याचा एल बँडचा झोत थेट समुद्रावर पसरलेला आहे. केरळ-तमिळनाडूच्या समुद्रात वादळात अडकलेल्या कोळ्यांपर्यंत इशारे पोचले नाहीत ही ओखी चक्रीवादळानंतरची ओरड. त्यानंतर २०१९ मध्ये जेमिनी नावाचं छोटं यंत्र आलं. ते गगनच्या संकेतातून वादळाचे आणि समुद्राच्या स्थितीचे इशारे घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर दाखवतं. यंत्र ऐकतं, बोलत नाही, म्हणजे बोटीवरून मदत मागता येत नाही ही त्याची मोठी उणीव. पण पाहा, एकाच उपग्रहावर दोन झोत आणि दोघांचे नकाशे वेगळे. म्हणून दुकानदार 'सॅटेलाइट आहे, कुठेही चालतं' असं म्हणाला तर बँड कोणता आणि झोत कोणता हे विचारा. त्याला सांगता आलं नाही तर शेजारपाजाऱ्यांच्या गच्च्या बघा. तिथे कोणत्या आकाराच्या डिश आहेत आणि त्या कुठे तोंड करून आहेत, यासारखा खरा नकाशा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

फ्री डिशवर टीव्हीबरोबर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या असतात, विविध भारती आणि आकाशवाणी मराठी त्यातच. महिन्याचं भाडं नाही. खासगी डीटीएचवरही रेडिओ किंवा नुसत्या संगीताच्या वाहिन्या मिळतात. त्यामुळे 'उपग्रहावरचा रेडिओ' तुम्हाला हवाच असेल तर तो सेट टॉप बॉक्समधून येतो. त्यासाठी टीव्ही चालू ठेवायची गरज नाही. बॉक्सच्या मागे लाल-पांढऱ्या जॅकची ऑडिओ जोडणी असते, ती एखाद्या स्पीकरला द्या. पुष्कळ बॉक्स १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा छोट्या बॅटरीवरही भागतं. बेटांवर वीज अजून मुख्यतः डिझेल जनित्रांची आहे, त्यामुळे ही सोय चैनीची समजू नका. वाहिनीचे नंबर कागदावर लिहून बॉक्सला चिकटवा म्हणजे आवाज शोधायला पडदा पेटवावा लागणार नाही.

डिश बसवणं हा भाग मात्र थोडा सविस्तर घेतो, कारण साताऱ्याची सवय तिथे नडते. साताऱ्यात ही डिश आग्नेयेकडे तोंड करून असते. पोर्ट ब्लेअरला तीच जवळजवळ थेट दक्षिणेला, जेमतेम तीन-चार अंश पूर्वेकडे झुकलेली. होकायंत्र पुरतं, चुंबकीय सुईतला तिथला फरक एक-दीड अंशाचा आहे आणि सोडून दिला तरी चालतो. उंचीचा कोन ७६ अंश. स्वस्त डिशच्या मागची पट्टी कधी कधी इतक्या वर जातच नाही, तेव्हा विकत घेण्याआधी बोल्ट शेवटपर्यंत सरकवून बघा.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या संकेत पकडणाऱ्या डबीचा, पीळ. आडव्या आणि उभ्या ध्रुवीकरणाचे संकेत वेगळे ओळखता यावेत म्हणून एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून बसवावा लागतो. किती फिरवायचा, हे तुमचा रेखांश आणि उपग्रहाचा रेखांश यांतल्या अंतरावर आणि तुमच्या अक्षांशावर ठरतं. साताऱ्यात हा पीळ साधारण ४६ अंश आहे. पोर्ट ब्लेअरला उपग्रह बरोबर दक्षिणेला, म्हणून पीळ जेमतेम चार अंश, म्हणजे एलएनबी जवळजवळ सरळच. साताऱ्याची डिश खोलून, एलएनबी आहे तसा ठेवून बेटावर नेली तर दिशा आणि उंची अगदी अचूक असूनही निम्म्या वाहिन्या येत नाहीत, किंवा येतात आणि तुटतात. मग माणूस उगाच पावसाला आणि डिशच्या आकाराला दोष देतो.

पाऊस हा मुद्दा आहेच. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. केयू बँडच्या लहरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या, त्यांना जोरदार सरीत पावसाचे थेंब शोषून घेतात. सी बँडवर हाच परिणाम अगदी किरकोळ. म्हणजे वादळाची सर कोसळत असते, तेव्हा छोट्या डिशवरचा आवाज हमखास जातो. वादळाच्या सूचनेसाठी केयू डिशवर विसंबू नका, एवढं तरी या उत्तरातून घेऊन जा.

सी बँडची मोठी डिश घेतलीत तर आणखी एक. ती मध्यभागी फीड, म्हणजे संकेत गोळा करणारं तोंड, असलेली असते आणि ७६ अंशांवर तिचं तोंड आकाशाकडे होतं. पावसात ती परातीसारखी भरते आणि पाण्याच्या वजनाने आधार वाकतो. तळाशी बोटभर भोक पाडून ठेवा आणि त्यात पानं अडकली नाहीत ना हे बघत जा. जाळीची डिश असेल तर पाणी साचत नाही, वाराही आरपार जातो; बेटावर मी जाळीचीच सुचवेन. नारळाच्या झावळीखाली डिश लावू नका. झावळी संकेत अडवते हे एक, आणि नारळ खाली पडतो हे दुसरं. खारी हवा केबलच्या टोकाशी आधी शिरते. जोडाला सिलिकॉन ग्रीस लावा, वरून रबरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरा. साताऱ्यात वर्षानुवर्षं टिकणारं एलएनबीचं टोक तिथे फार लवकर हिरवं पडतं.

आणि मार्चच्या मध्यात व सप्टेंबरच्या अखेरीस काही दिवस, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान थोडा वेळ सगळंच गायब झालं तर घाबरू नका. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा संकेत बुडतो. काही मिनिटांत परत येतं. त्या वेळात डिश हलवत बसणारे पुष्कळ असतात, मग परत आलेला संकेतही त्यांना सापडत नाही.

आता जी वाट सुरुवातीला म्हणालो ती. बेटावर उपग्रह आपलं खरं काम रेडिओ केंद्राच्या मागे करतो. पोर्ट ब्लेअरचं आकाशवाणी केंद्र जून १९६३ मध्ये सुरू झालं. त्या काळी दिल्लीच्या बातम्या लांबच्या केंद्रांपर्यंत शॉर्ट वेव्हवर यायच्या. केंद्रातला रिसीव्हर त्या पकडायचा आणि तोच आवाज, घरघर आणि चढउतारासकट, पुन्हा प्रसारित व्हायचा. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि त्यानंतर आकाशवाणीच्या केंद्रांना उपग्रहावरून कार्यक्रम मिळू लागले. दिल्लीच्या बातम्या स्टुडिओइतक्या स्वच्छ येऊ लागल्या. केंद्रावर मोठी डिश, चांगला रिसीव्हर, बॅटरी आणि जनित्र असतं; उपग्रह पकडण्याची कटकट ते करतात. तिथून मिडियम वेव्ह किंवा एफएमवर आवाज तुमच्या हातातल्या साध्या ट्रान्झिस्टरपर्यंत येतो. पॅसिफिकमधल्या बेटांवरही पद्धत हीच आहे. न्यूझीलंडचा आंतरराष्ट्रीय रेडिओ तिथल्या छोट्या केंद्रांना उपग्रहावरून कार्यक्रम देतो, लोक तो आपल्या गावच्या एफएमवर ऐकतात आणि त्यात उपग्रह आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

पोर्ट ब्लेअरचा मिडियम वेव्ह ट्रान्समीटर ६८४ किलोहर्ट्झवर, १०० किलोवॅटचा. पोर्ट ब्लेअरहून कार निकोबार सुमारे २७० किलोमीटर आणि मध्ये सगळा समुद्र. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक, त्यामुळे मिडियम वेव्हची जमिनीलगत जाणारी लहर समुद्रावरून फार कमी क्षीण होत जाते. साताऱ्याच्या डोंगरात १०० किलोवॅटचं केंद्र दोनशे किलोमीटरवर दुपारी धापा टाकेल, समुद्रावर तेवढ्याच अंतरावर ते आरामात ऐकू येतं. म्हणून कार निकोबारसाठी माझा पहिला सल्ला: चांगला मिडियम वेव्ह असलेला, बाजारातल्या साध्या सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. नुसता यूएसबीवर चार्ज होणारा घेऊ नका, कारण वीज गेली की तोही गेला. आतली फेराइटची कांडी, म्हणजे संचाचा आतला अँटेना, जितकी लांब तितका संच कानाचा तीक्ष्ण. संच हातात आडवा फिरवून बघा, केंद्र कांडीच्या टोकाच्या रेषेत आलं की आवाज पडतो आणि काटकोनात आलं की चढतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर मिडियम वेव्हवर घरघर करतात. घरात खरखर असेल तर समुद्राच्या बाजूच्या व्हरांड्यात जा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

तिथे घड्याळ आपलंच, सूर्य मात्र बराच आधी. जूनमध्ये पोर्ट ब्लेअरला पाचच्या आतच उजाडतं आणि संध्याकाळी सहाच्या आत अंधारतं. मिडियम वेव्हच्या लहरी सूर्य मावळल्यावर आकाशातल्या आयनांच्या थरावरून परततात आणि लांब जातात, म्हणून संध्याकाळ सरल्यावर चेन्नई आणि कोलकात्याची मोठी केंद्रं तिथे कानावर येऊ लागतात. मराठीसाठी मात्र या वाटेवर फार आशा ठेवू नका. मुंबईची अस्मितावाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे, पण पोर्ट ब्लेअरपर्यंत मध्ये अख्खा द्वीपकल्प आणि बंगालचा उपसागर येतो. तुमची बदली लक्षद्वीपला झाली असती तर वेगळं सांगितलं असतं. कवरत्तीहून मुंबई साडेनऊशे किलोमीटरच्या आत आहे आणि वाट जवळजवळ सगळी समुद्रावरून, तिथे रात्री ५५८ वर कान लावून बसण्यात अर्थ आहे.

लक्षद्वीपचं नाव निघालं म्हणून सांगतो, तिथे डिश बसवणं अंदमानच्या उलट आहे. तिथून ९३.५ अंशांवरचा उपग्रह आग्नेयेच्याही पूर्वेकडे, साधारण ६३ अंशांवर दिसतो, आणि एलएनबीचा पीळ ६२ अंशांच्या आसपास, म्हणजे साताऱ्यापेक्षाही जास्त. एकाच देशाची दोन बेटं, एकच उपग्रह, आणि बसवण्याची पद्धत इतकी निराळी. अंदमानात शिकलेला मेकॅनिक कवरत्तीत पहिल्या दिवशी चुकणारच.

मराठीसाठी खरा भरवसा आता इंटरनेटवर, आणि तो उपग्रहाने नव्हे तर समुद्राखालच्या तारेने दिला. चेन्नई ते अंदमान-निकोबार ही सुमारे २,३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल १० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली. पोर्ट ब्लेअरशिवाय स्वराज द्वीप, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा, ग्रेट निकोबार, लाँग आयलंड आणि रंगत तिला जोडलेली आहेत. त्याआधी अख्ख्या द्वीपसमूहाचं इंटरनेट उपग्रहाच्या महागड्या, तुटपुंज्या क्षमतेवर चालायचं आणि एक छोटी चित्रफीत उघडायलाही तिष्ठत बसावं लागायचं. लक्षद्वीपची कोच्चीहून जाणारी केबल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. आता आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर अॅपवर पुणे-मुंबईची केंद्रं थेट लागतात. आवाजाच्या प्रवाहाला फार वेग लागत नाही, मोबाइलला टॉवरच्या दोन रेघा मिळाल्या तरी पुरतं. कार निकोबारला टॉवर गावापासून लांब असतील तर पोर्ट ब्लेअरहून निघताना आवडीचे कार्यक्रम उतरवून न्या.

मग तारच पुरेशी आहे तर ट्रान्झिस्टर कशाला, असं तुमच्या मनात येईल. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, त्या देशाला जगाशी जोडणारी केबल तुटली आणि ती जोडायला पाच आठवडे लागले. त्या दिवसांत न्यूझीलंडच्या शॉर्ट वेव्हने टोंगाकडे प्रसारण वाढवलं. आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्याच बदलीच्या गावचं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अनेक वर्षांनी अंदमानातून हौशी प्रसारणाची परवानगी मिळाली होती, जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायला त्या गेल्या होत्या. फोन बंद पडले, आणि त्याच संचांवरून बेटांची खबर मुख्य भूमीला आणि मुख्य भूमीच्या नातेवाइकांची चौकशी बेटांना पोचवायचं काम त्यांनी हाती घेतलं. त्यांचे संच उपग्रहावर अवलंबून नव्हते. मधे दुसऱ्या कुणाची यंत्रणा लागत नव्हती, म्हणून ते चालले.

तुम्हाला या हौशी रेडिओत गोडी असेल तर उपग्रहावरचा एक खरा रेडिओ ऐकण्याजोगा आहे. कतारचा एस'हेल-२ हा उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये गेला. तो २५.९ अंश पूर्वेवर आहे आणि हौशी मंडळींसाठीचा पहिला भूस्थिर ट्रान्सपाँडर, म्हणजे संकेत घेऊन परत पाठवणारं यंत्र, त्याच्यावर बसवला आहे. ऐकायला साधी टीव्हीची डिश, थोडा बदललेला एलएनबी आणि संगणकाला लावायचा स्वस्त एसडीआर डोंगल, म्हणजे छोटा रेडिओ रिसीव्हर, पुरतो. पोर्ट ब्लेअरहून तो पश्चिमेला, क्षितिजापासून फक्त १४ अंशांवर दिसतो, म्हणजे समोर डोंगर किंवा झाडी नसलेली, समुद्राकडे उघडी जागा हवी. बोलायचं असेल तर हौशी रेडिओचा परवाना लागतो.

परदेशातून काही मागवायचंच मनात असेल तर एक इशारा देतो. थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन मागवू नका आणि कुणी दिला तरी सोबत नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि विमानतळावर पकडले गेलेले परदेशी पर्यटकही त्यातून सुटलेले नाहीत. निकोबार तर संरक्षित आदिवासी क्षेत्र, तिथे जायलाच पास लागतो, सामानही तपासलं जातं. बँकेच्या नोकरीत ही भानगड नको.

खरेदी अशी करा: ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन जोड सेल साताऱ्यातूनच घ्या. डिश, एलएनबी आणि बॉक्स मात्र इथून नेऊ नका, पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर तिथल्या मेकॅनिककडून तिथल्याच मापाची घ्या, आणि बसवताना एलएनबीचा पीळ त्याने सरळ ठेवला आहे का ते स्वतः वर चढून बघा.